जुनी मोटरबोट घेण्याआधी खाडीची ओहोटी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचे वडिलोपार्जित घर गुहागर तालुक्यात धोपावे येथे, वाशिष्ठीच्या खाडीकाठी आहे. पत्नी आणि ११ व ७ वर्षांची दोन मुले यांच्यासह सुट्टीत खाडीत फिरावे, कधीतरी खाडीबाहेर जाऊन डॉल्फिन पाहावेत, यासाठी त्यांना आयुष्यातील पहिली बोट घ्यायची आहे. १९ फुटी फायबरची, ९ वर्षे जुनी, ६० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेले) इंजिन असलेली एक बोट त्यांना ६ लाख ५० हजार रुपयांना मिळते आहे. बोट दिसायला उत्तम आहे, इंजिन एका झटक्यात सुरू झाले, आणि दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याने गुढीपाडव्यापर्यंत होकार द्यावा असे विकणाऱ्याचे म्हणणे आहे. पत्नीला पोहता येते, स्वतःला येत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. घ्यावी का, एवढेच त्यांनी विचारले आहे.

गेली २२ वर्षे मी रत्नागिरी परिसरात फायबरच्या बोटींची आणि आउटबोर्ड इंजिनांची दुरुस्ती करतो, आणि लोकांच्या वतीने जुन्या बोटी तपासूनही देतो. त्या अनुभवावरून सांगतो की, ही बोट चांगली आहे की नाही हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. ती बोट वर्षाचे ३६५ दिवस कोठे राहणार आणि तुम्ही पुण्यात असताना तिच्याकडे कोण पाहणार, हा पहिला प्रश्न आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खासगी बोटींपैकी वापरून खराब झालेल्या फार थोड्या असतात. बहुतेक बोटी उभ्या राहून, पावसात भिजून आणि खाऱ्या पाण्यात दुर्लक्षित राहून खराब झालेल्या असतात. म्हणून तुमचे उत्तर बरेचसे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. काठावर स्वतःची उंच जागा आणि विश्वासू माणूस असेल तर हीच बोट तुम्हाला पुष्कळ वर्षे साथ देईल, आणि ते नसेल तर याहून चांगली बोटही तीन वर्षांत विकावी लागेल.

विकणाऱ्याला पुन्हा भेटण्याआधी एक काम करा. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या दिवशी, म्हणजे उधाणाच्या वेळी, संध्याकाळी ५ ते ६ च्या दरम्यान आपल्या घरासमोरच्या काठावर जाऊन उभे राहा. आपल्याकडचे जुने दर्यावर्दी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती असते. बंदराप्रमाणे यात थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हा हिशेब पुरेसा आहे. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, म्हणजे उधाणाच्या दिवशी पाणी सर्वांत खाली जाते ते नेमके पहाटे आणि संध्याकाळी. कुटुंबे दुपारच्या चहानंतर निघतात आणि सूर्य मावळताना परततात, आणि त्याच वेळी घराजवळ पाणी नसते. समोर गुडघाभर चिखल, अंधार पडत आलेला आणि मुले बोटीत, अशा अवस्थेत अडकलेल्यांचे फोन मला दर हंगामात येतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, परिस्थिती उलट असते. संध्याकाळी ६ च्या सुमारास भरती असते आणि प्रवाहही मंद असतो. त्यामुळे तुमच्या घरासमोर उधाणाच्या ओहोटीला किती पाणी उरते हे पाहिल्यावरच, बोट पाण्यात नांगरून ठेवायची, की ट्रॉलीवर ठेवून प्रत्येक वेळी उतरवायची, हे ठरवता येईल.

माझा सल्ला ट्रॉलीचा आहे. खाडीत कायम नांगरलेल्या बोटीच्या तळाला काही आठवड्यांतच शेवाळ आणि बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचधारी जीव) धरतात, वेग कमी होतो आणि इंधन जास्त लागते. इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात राहणारा खालचा भाग, पूर्ण वर उचलता आला नाही तर धातू सतत खाऱ्या पाण्यात राहतो. शिवाय कोणी लक्ष देणारे नसताना अवेळी आलेल्या पावसाने बोट भरली, पाणी उपसणाऱ्या पंपाची बॅटरी उतरली आणि बोट जागेवरच बुडाली, असे मी स्वतः चार वेळा पाहिले आहे. ट्रॉलीवरची बोट गोड्या पाण्याने धुता येते, झाकता येते आणि तिचा तळ रोज डोळ्यांसमोर राहतो. त्यासाठी मात्र बोट उतरवायला पक्का उतार लागतो. गावात तसा उतार आहे का, तो कोणाच्या ताब्यात आहे आणि ओहोटीला तो पाण्यापर्यंत पोहोचतो का, याची चौकशी तुम्हालाच करावी लागेल. दाभोळ–धोपावे फेरीबोटीच्या धक्क्यावर आपली बोट उतरवता येईल असे गृहीत धरू नका. तो वाहतुकीचा धक्का आहे, तेथे विचारल्याशिवाय काहीही करू नये.

पावसाळ्याचा विचारही आजच करायला हवा. राज्यात यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि प्रवासी जलवाहतूक साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात थांबवली जाते. तुमची बोट यांपैकी कशातच मोडत नसली, तरी हा काळ छोट्या बोटीचा नाही, एवढे त्या तारखांवरून समजून घ्यावे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बोट वर काढून नीट शाकारून ठेवावी लागते. कोळीवाड्यांत होड्यांवर झावळ्या किंवा ताडपत्री घालून आत वारा खेळता ठेवतात, तीच पद्धत फायबरच्या बोटीलाही लागू आहे. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळलेली बोट आतून घामेजते आणि चार महिन्यांनी गाद्या, तारा आणि लाकूड कुजलेल्या अवस्थेत सापडते. तळाचे बूच काढून ठेवणे, बोटीची नाळ (पुढचे टोक) किंचित उंच ठेवणे आणि बॅटरी घरात नेणे ही तीन कामे कोणाला तरी नेमून द्यावी लागतील, आणि तो माणूस गावातलाच असायला हवा.

आता वापराविषयी. खाडीच्या आत फिरण्यासाठी १९ फूट आणि ६० अश्वशक्ती ही जोडी चार माणसांना योग्य आहे. पाहुण्यांसह सहा जण बसू शकतील, त्यापेक्षा अधिक बसवू नयेत. खाडीच्या मुखाबाहेर समुद्रात जाण्याबाबत मात्र मी तुम्हाला पहिले पूर्ण वर्ष नकोच म्हणेन. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा समुद्र शांत ठेवतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो आणि विशेषतः फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारनंतर समुद्र बराच उसळतो. त्याच वेळी ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर पडत असेल, तर वारा आणि प्रवाह समोरासमोर येऊन मुखाशी आखूड, उभ्या लाटा तयार होतात. खाडीत मजेत चाललेली बोट तेथे पाचच मिनिटांत संकटात येऊ शकते. पुढच्या वर्षी, जाणत्या तांडेलाला (होडी चालवणाऱ्या अनुभवी दर्यावर्द्याला) सोबत घेऊन, नोव्हेंबर ते जानेवारीतील शांत सकाळी डॉल्फिन पाहायला जा आणि ११ च्या आत परत या. अंजनवेलच्या बाजूला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल असल्याने तेथे मोठी जहाजे येतात, त्यांच्या वाटेत आणि टर्मिनलच्या जवळपास जायचे नाही, हेही लक्षात ठेवा.

एवढे स्पष्ट झाले, जागा आहे, माणूस आहे आणि वापर खाडीपुरता आहे, असे ठरले की मगच बोट पाहायला जावे. आतापर्यंत तुम्ही ती पाण्यात तरंगताना पाहिली असावी, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. ती पाण्याबाहेर काढून दाखवण्याची अट घाला. ही अट मान्य नसेल तर व्यवहार तेथेच थांबवा.

फायबरच्या बोटीत सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे जिच्यावर इंजिन टांगलेले असते ती मागची भिंत. आम्ही तिला ट्रान्सम म्हणतो. बाहेरून ती अखंड फायबर दिसते, पण बहुतेक बोटींमध्ये तिच्या पोटात प्लायवूड असते. इंजिनाचे बोल्ट ज्या छिद्रांतून जातात, तेथील सीलंट सुकले की पाणी आत शिरते आणि लाकूड आतल्या आत कुजू लागते. मी हे पुस्तकातून शिकलो नाही. २००४ मध्ये मी स्वतःसाठी पहिली जुनी बोट घेतली, तेव्हा रंग नवा होता, इंजिन चांगले होते, आणि मी मागच्या भिंतीकडे पाहिलेसुद्धा नाही. दुसऱ्याच महिन्यात वेग वाढवताना इंजिन मागे-पुढे झुलू लागले. भिंत कापली तेव्हा आतून ओल्या चहापत्तीसारखा चुरा निघाला, आणि दुरुस्तीला बोटीच्या किमतीच्या जवळपास निम्मा खर्च आला. तेव्हापासून मी प्रत्येक बोटीची तपासणी मागूनच सुरू करतो.

ही तपासणी तुम्हालाही करता येईल. इंजिन अर्धे वर उचलून त्याच्या पायावर हाताने वजन टाका आणि दुसऱ्या माणसाला भिंतीकडे पाहायला सांगा. भिंत वाकत असेल, किंवा बोटीच्या बाजूंना ती जेथे जोडलेली आहे तेथे बारीक भेगा उघडताना दिसत असतील, तर आत कुजले आहे. त्यानंतर छोट्या हातोडीच्या प्लॅस्टिकच्या टोकाने किंवा नाण्याने भिंतीवर सगळीकडे हलके ठोकत जा. निरोगी भागाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या भागाचा बद्द येतो. फुटका माठ ज्यांनी वाजवून पाहिला आहे, त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. असेच ठोकत तळावर आणि आतल्या फरशीवर जा. फरशीवर टाच रोवून चाला. कोठे पाय किंचित दबल्यासारखा वाटला तर खालचे लाकूड किंवा तळाला बळकटी देणाऱ्या लांब पट्ट्या भिजलेल्या आहेत असे समजावे.

तळाखाली अनेक बोटींमध्ये फोम भरलेला असतो. हा फोम पाणी धरून बसला की बोट जड होते, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो. चिऱ्याच्या किंवा वाळूच्या ट्रकसाठी जवळच जो वजनकाटा असेल, तेथे ट्रॉलीसह बोट नेऊन वजन करावे, नंतर रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करावे. इंजिनाचे वजन त्याच्या पुस्तिकेत मिळते आणि रिकाम्या बोटीचे वजन बांधणाऱ्याच्या कागदांत असते. इंधन, बॅटरी आणि सामान धरूनही दीडशे-दोनशे किलोंचा फरक उरत असेल, तर ते पाणी आहे.

तळावर फोड दिसले तर घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. दोन-चार बारीक फोड दुरुस्त करता येतात. शेकडो फोड असतील, आणि एखादा फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर पाणी फायबरच्या थरांत मुरलेले आहे आणि तो खर्च मोठा आहे. चांदणीसारख्या पसरणाऱ्या भेगा बहुधा आपटल्याच्या असतात. एका सरळ रेषेत लांबवर जाणारी भेग अधिक गंभीर, कारण ती आतला आधार सुटल्याची खूण असते. रंग किती नवा आहे, गाद्या कशा आहेत, गाण्यांची यंत्रणा आहे का, याला माझ्या लेखी शून्य गुण आहेत. ९ वर्षांच्या बोटीला विक्रीआधी नुकताच रंग दिलेला असेल, तर तो का दिला हे विचारा.

आता इंजिन. जुन्या बोटीच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा बहुधा त्याचाच असतो. ते एका झटक्यात सुरू झाले, असे तुम्ही लिहिले आहे. माझा उलट प्रश्न असा की, तुम्ही पोहोचलात तेव्हा ते थंड होते का? काही वर्षांपूर्वी मी एका ग्राहकासोबत सकाळी ९ वाजता बोट पाहायला गेलो, इंजिनाला हात लावला तर ते कोमट होते. विकणाऱ्याने आम्ही येण्याआधी ते चालवून ठेवले होते. आम्ही चहा घेऊन, गप्पा मारून, दुपारपर्यंत थांबलो, आणि पूर्ण थंड झालेले ते इंजिन सुरू व्हायला अकरा प्रयत्न लागले. तुम्हीही विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, आणि पोहोचताच सर्वांत आधी त्याला हात लावा.

इंजिन सुरू झाल्यावर मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार जोरात बाहेर पडायला हवी. थंड करणारे पाणी फिरते आहे, असे ती धार सांगते. धार मंद किंवा तुटक असेल तर आतला पाणी खेचणारा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, झिजला असेल, किंवा पाण्याच्या वाटांत मीठ साचले असेल. इम्पेलर बदलणे स्वस्त आहे आणि तो दर एक-दोन वर्षांनी बदलायचाच असतो. मीठ साचलेले इंजिन ही मात्र मोठ्या खर्चाची गोष्ट आहे. प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने धुतले जात होते का, आणि ते काम कोण करत होते, हे विचारा. मालकाने सांगितले तर ठीक, पण जो माणूस प्रत्यक्ष धूत होता त्याला भेटता आले तर अधिक बरे.

इंजिनाच्या पायातील गिअर ऑइल खालचा स्क्रू किंचित सैल करून पाहा. तेल दुधी निघाले किंवा आधी पाण्याचे थेंब आले, तर सील गेलेले आहे. पायावरचे झिंक पाहा. ते थोडे झिजलेले असावे, कारण धातूऐवजी स्वतः झिजणे हेच त्याचे काम आहे. संपूर्ण नाहीसे झाले असेल तर दुर्लक्ष झाले आहे, आणि त्यावर कोणी रंग फासला असेल तर ते निकामी आहे. बोट ढकलणाऱ्या पंख्याची पाती ठोकरली गेली आहेत का, हे हात फिरवून पाहा. पंख्याचा शाफ्ट वाकडा आहे का, हे पंखा सावकाश फिरवल्यावर दिसते.

यापुढची तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्यावी. सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजायला सांगा. आकडा किती, यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो, आणि तो १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मी ते इंजिन घेऊ देत नाही. फ्युएल इंजेक्शनचे इंजिन असेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात संगणक जोडून ते किती तास आणि कोणत्या वेगाने चालले आहे, हे पाहता येते. ९ वर्षांत ५००-६०० तास चाललेले आणि नियमित सर्व्हिसिंग झालेले इंजिन मला ९० तास चाललेल्या इंजिनापेक्षा अधिक विश्वासाचे वाटते. कमी तास ऐकून ग्राहक खूश होतात, पण खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाचे आतून काय झाले असेल ते तास सांगत नाहीत.

इंधनाबद्दल नव्या मालकांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. बोटीच्या टाकीला हवेसाठी नळी असते आणि आपली हवा दमट, त्यामुळे दोन-तीन महिने उभ्या बोटीच्या टाकीत पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. सप्टेंबरमध्ये इंजिन सुरू होत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा येथेच असते. तुमच्या बोटीच्या रबरी नळ्या फुगल्या किंवा चिकट झाल्या आहेत का, हे पाहा आणि त्या बदलण्याचा खर्च धरा. पाणी वेगळे करणारा फिल्टर नसेल तर बसवा, गरजेपुरतेच ताजे पेट्रोल भरा आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. टाकी फरशीखाली असेल तर ती प्रत्यक्ष पाहायला मिळालीच पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाच्या खणात साचून राहते. खणाचे झाकण उघडताच वास आला तर त्या दिवशी इंजिनाची किल्लीसुद्धा फिरवू देऊ नका.

वायरिंग आणि स्टिअरिंग लवकर पाहून होते. घरगुती वायर चिकटपट्टीने जोडलेली दिसली, किंवा तांब्यावर हिरवा थर दिसला, तर संपूर्ण वायरिंग नव्याने करण्याचा खर्च किमतीतून वजा करा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत एका हाताने फिरले पाहिजे.

पाण्यावरची चाचणी सकाळी नव्हे, दुपारी ३ नंतर घ्या, वारा चढलेला असताना. सोबत तुमच्या कुटुंबाइतके वजन असू द्या, कारण एकट्या विक्रेत्यासोबत पळणारी बोट चार जण बसल्यावर नाळ वर करून रेंगाळू शकते. पूर्ण भारासह पूर्ण थ्रॉटल दिल्यावर अशा इंजिनाने मिनिटाला साधारण ५,००० ते ६,००० फेरे गाठले पाहिजेत. नेमकी मर्यादा पुस्तिकेत पाहा. इंजिन तेथवर पोहोचत नसेल तर पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकले आहे. ६० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगात तासाला २० लिटरच्या आसपास पेट्रोल घेते. मध्यम वेगात खर्च बराच कमी होतो, तरीही एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश शिल्लक, हा हिशेब कधीही मोडू नका. अर्धा तास चालवून परत आल्यावर तळाचा खण उघडून पाहा. कोरडा निघालेला खण आता ओला असेल, तर पाणी कोठून आले ते सापडल्याशिवाय पुढची बोलणी करू नका.

कागदपत्रांत बोटीची नोंदणी कोणत्या प्रकारात आहे, हे आधी पाहा. मासेमारी नौका म्हणून नोंदलेली बोट आणि खासगी वापराची बोट यांचे कागद वेगळे असतात, आणि मासेमारीच्या नोंदणीवरची बोट कुटुंबासाठी घेऊन पुढे अडकलेले लोक मी पाहिले आहेत. खाडीत चालणाऱ्या यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. त्यात नोंदणी, तपासणी आणि विमा या तिन्ही बाबी येतात. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन या विशिष्ट बोटीचे नाव तुमच्यावर कसे चढेल, ती कोणत्या हद्दीत चालवता येईल आणि चालवणाऱ्याकडे कोणते प्रमाणपत्र हवे, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून आणा. तेथील कर्मचारी नीट सांगतात, फक्त व्यवहार होण्याआधी जायला हवे. इंजिनावरचा क्रमांक खरेदीच्या बिलाशी जुळवा, आणि बोटीवर कर्ज होते असे कळले तर बँकेचे ना-हरकत पत्र मागा.

राहिला पैशांचा आणि पाडव्याचा भाग. ६ लाख ५० हजार ही किंमत योग्य आहे की नाही, हे वरच्या तपासणीशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. तुमची एकूण तयारी साडेसहा लाखांचीच असेल, तर ही बोट तुमच्यासाठी महाग आहे. पहिल्या हंगामात इम्पेलर, तेल, फिल्टर, नळ्या, बॅटरी, लाइफ जॅकेट, नांगर, दोर आणि ट्रॉलीची चाके यांवर किमतीच्या २० ते २५ टक्के रक्कम जाते, असा माझ्या ग्राहकांचा अनुभव आहे. मुहूर्ताबद्दल मला पूर्ण आदर आहे, मीही माझ्या कारखान्यात पाडव्याला पूजा करतो. पण पाडव्यानंतर दोनेक महिन्यांत बोट वर काढावी लागणार आहे, आणि उन्हाळा जवळ आला की पावसाळ्यात बोट कोठे ठेवायची ही चिंता विकणाऱ्यालाही असतेच. त्यामुळे घाई त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आहे. थोडा इसार द्यायचाच असेल तर, पाण्याबाहेरची तपासणी, मेकॅनिकचा अहवाल आणि कागद समाधानकारक नसतील तर रक्कम परत, असे इसारपावतीवर लिहून घ्या. व्यवहार मे महिन्यात झाला तर पावसाळ्याचे चार महिने दुरुस्तीला मिळतील आणि दसऱ्याला पूजा करून बोट पाण्यात उतरवता येईल. तुमच्या जागी मी हाच मार्ग धरेन.

मुलांच्या जॅकेटवर त्यांच्या वजनाचा गट छापलेला असतो, तो पाहून घ्या. ७ वर्षांच्या मुलाला मोठ्याचे जॅकेट घातले तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जाते, म्हणून दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलेच घ्यावे. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला कायम अडकवलेली असावी. पाण्यातून परत चढण्यासाठी मागे शिडी आहे का, हे पाहा. एका कुटुंबाला पहिल्याच सहलीत समजले की चांगले पोहणारी आईसुद्धा पाण्यातून बोटीत चढू शकत नाही, आणि तिला वर ओढायला तिघे जण लागले. मोबाइल पाणी न लागणाऱ्या पिशवीत ठेवा, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक साठवा. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सात पट लांब हवा. तुम्ही स्वतः या पावसाळ्यात पुण्यात पोहायला शिका. त्यासाठी तुमच्या हातात चार महिने आहेत.

पहिल्या हंगामात गावातील एखाद्या अनुभवी तांडेलाला मानधन देऊन दर सहलीला सोबत घ्या, आणि ते काका जे शिकवतील ते तुमच्यासोबत तुमच्या पत्नीनेही शिकायला हवे. घरातील एकालाच बोट चालवता येते आणि नेमका तोच आजारी पडतो किंवा पाण्यात पडतो, अशी वेळ मी पाहिली आहे. म्हणून चाचणीच्या दिवशी पत्नीला सोबत न्या, जाताना सुकाणू तुम्ही घ्या आणि परतीच्या वाटेवर बोट धक्क्याला त्यांना लावू द्या.